बेळगावच्या पावसाळी हवेत खेळण्यातली पलटण जमवावी आणि टिकवावी कशी

दिवाळी संपली की गल्लोगल्लीचे किल्ले मोडतात आणि त्यांवरचे मावळे पुठ्ठ्याच्या खोक्यात जाऊन पडतात. पुढच्या वर्षी खोके उघडावे तर निम्म्यांचे भाले गेलेले, चौघांची मुंडकी निराळी, आणि तळाचे दोघे पुन्हा माती होऊन बसलेले. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात शिपाई मिळवणे अवघड नाही, टिकवणे अवघड आहे. जून ते सप्टेंबर इथली हवा ओली असते, खानापूरच्या पश्चिमेला तर भिंतीही घाम गाळतात. म्हणून शिपाई घेण्याआधी तो ठेवणार कुठे, हे ठरवा. मग तो मातीचा असो, शिशाचा असो की प्लास्टिकचा.

एक माप, एक पलटण

जुन्या धातूच्या शिपायांचे जगभर रूढ झालेले माप म्हणजे ५४ मिलिमीटर. लंडनच्या विल्यम ब्रिटनच्या कारखान्याने १८९३ साली पोकळ ओतलेले शिशाचे शिपाई बाजारात आणले, ते याच मापाचे. प्रमाण साधारण १:३२ पडते: १७० सेंटीमीटर उंच माणूस, भागिले ३२, म्हणजे ५३ मिलिमीटर. दुसरे खूप चालणारे माप १:७२ चे. त्यात तोच माणूस जेमतेम २४ मिलिमीटर होतो. हाँगकाँगच्या किंग अँड कंट्री कंपनीचे शिपाई १:३० चे असतात, ५४ च्या रांगेत उभे केले की थोराड दिसतात. मोजताना टोप, मुंडासे आणि पायाखालची बैठक धरू नका, तळपायापासून डोक्यापर्यंतच मोजा. ऑनलाइन विकणारे बरेचदा तुऱ्यासकट उंची लिहितात आणि तिथेच फसगत होते.

माप ठरले की विषय ठरवा. मिळेल ते घेत गेलात तर वर्षभरात एक रोमन, दोन काऊबॉय आणि एक मोडका घोडेस्वार एवढाच ऐवज हाती राहतो. आपल्या भागाला शोभतील असे दोन विषय समोरच आहेत. एक, शिवकाळातले मावळे. दुसरा, मराठा लाइट इन्फंट्री. या रेजिमेंटची सर्वांत जुनी बटालियन १७६८ ची, जिला ‘जंगी पलटण’ म्हणतात, आणि रेजिमेंटचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. ४ फेब्रुवारी हा तिचा मराठा दिन. १६७० साली कोंढाणा घेतला त्याची ही आठवण, त्यामुळे दोन्ही विषय एकाच कपाटात गुण्यागोविंदाने नांदतात.

रेजिमेंटचा विषय घेतलात तर दुसऱ्या महायुद्धातल्या इटलीच्या मोहिमेपासून सुरुवात करणे सोयीचे, कारण त्या काळच्या ब्रिटिश पायदळाचे प्लास्टिक शिपाई मुबलक मिळतात आणि भारतीय पलटणींची सामग्रीही बरीचशी तीच होती. एक सेक्शन, म्हणजे पलटणीतली लहान तुकडी, दहा जणांचा धरा: नाईक, सहा रायफलवाले आणि ब्रेन गनचा (हलक्या मशिनगनचा) तिघांचा गट. नाईकाच्या हाती टॉमी गन द्या. नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशिनगनच्या मोर्चावर एकट्याने चाल केली, तेव्हा हातात तीच होती. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढच्या वर्षी ९ एप्रिलला सेनिओ नदीकाठी शिपाई नामदेव जाधव यांनी तोच सन्मान मिळवला. एवढे दहा जण नीट रंगवून उभे केले की संग्रहाला तोंडवळा येतो.

आजच्या गणवेशासाठी प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाची छायाचित्रे पाहा. बेळगावच्या कँपात लष्करी हद्दीत मोबाईल काढून फोटो घेऊ नका, तिथे त्याला मनाई असते. मावळ्यांच्या पोशाखासाठी वैशाखातल्या शिवजयंतीच्या मिरवणुकीतले चित्ररथ डोळे भरून बघा, मात्र चित्ररथावरची चकाकती जरतार प्रत्येक मावळ्याच्या अंगावर चढवू नका.

मातीचा मावळा: घेणे आणि घडवणे

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस बाजारात मावळे येतात. घेताना पहिला प्रश्न एवढाच: “मामा, भाजलेला आहे की कच्चा?” कानडी कुंभाराकडे ‘मण्णिन गोंबी’ म्हटले की मातीच्या बाहुल्या पुढे येतात. उत्तरावर विसंबू नका, नखाने हलके टिचकून ऐका. भाजलेला टणकन वाजतो, कच्चा ठक्क करतो, प्लास्टर ऑफ पॅरिसचा हाताला हलका लागतो आणि तळाशी खरवडले की पांढरी भुकटी सुटते. कच्चा मावळा घ्यायला हरकत नाही, पण तो ओल्या किल्ल्यावर थेट ठेवण्याचा नव्हे.

स्वतः घडवायचे असतील तर माती खानापूरची घ्या. तिथली माती कुंभारकामाला आणि कौलांना इतकी चांगली की खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्थाही तिथेच आहे. माती दोन दिवस भिजत घाला, मलमलीतून गाळा, निथळू द्या आणि कणकेसारखी मळा. मळलेल्या मातीच्या गोळ्याला बोट लावून काढल्यावर बोट स्वच्छ राहिले पाहिजे. वाळताना आणि भाजताना माती मिळून साधारण दहा टक्के आक्रसते, म्हणून ५४ मिलिमीटरचा मावळा हवा तर मूळ नमुना ६० चा करा. हा हिशोब चुकला की घरचे मावळे विकतच्या धातूच्या शिपायांशेजारी बुटके दिसतात. प्रत्येक कुंभाराची माती थोडी वेगळी आक्रसते, तेव्हा आधी बरोबर १० सेंटीमीटर लांबीची एक पट्टी भाजून घ्या आणि तिच्यावरून नमुन्याचे माप पक्के करा.

साचा प्लास्टरचा, दोन भागांचा. दोन्ही भागांत माती दाबून भरा, कडांना चिखलाचा लेप लावा, जोडा, अर्ध्या तासाने उघडा. पुढची चूक बहुतेक सगळेच एकदा तरी करतात: अंग भरीव ठेवतात. दीड सेंटीमीटरपेक्षा जाड भरीव मातीत आत ओल राहते, भट्टीत तिची वाफ होते आणि मावळा फुटतो, शेजारच्या दोघांना घेऊन. तळातून पोटापर्यंत दाभणाने भोक पाडले की वाफेला वाट मिळते. उन्हात वाळवू नका, सावलीत आठ दिवस ठेवा आणि पहिले दोन दिवस वर ओलसर फडके टाका. पातळ हात आधी वाळले आणि जाड धड मागे राहिले तर चीर खांद्यात पडते.

भाला मातीचा करूच नये. मुठीत ओलेपणीच भोक पाडून ठेवा आणि भाजून आल्यावर खराट्याची हीर त्यात बसवा. पाय एकमेकांपासून सुटे काढू नका, मध्ये मातीचा पडदा राहू द्या आणि तो गडद तपकिरी रंगवा, दोन हातांवरून दिसतही नाही. घोट्यात मोडणारे मावळे ही या धंद्यातली सर्वांत मोठी नासाडी आहे आणि तिला इलाज एवढाच.

धातूचे आणि प्लास्टिकचे: पारखून घ्या

जुना पोकळ शिपाई ओळखायचा तर टोपीच्या टोकाशी किंवा तळाशी बारीक भोक पाहा, वितळलेले जास्तीचे शिसे तिथून ओतून काढलेले असते. कारखान्याचे नाव बैठकीखाली किंवा घोड्याच्या पोटाखाली उठवलेले सापडते. शिशाच्या खेळण्यांवरच्या निर्बंधांमुळे ब्रिटनच्या कारखान्याने १९६० च्या दशकात पोकळ शिपाई काढणे थांबवले, त्यामुळे ‘नवाकोरा जुना’ शिपाई म्हणून चकचकीत काही पुढे आले तर ती नक्कल समजा. नकलेत बटणे आणि चेहऱ्याच्या रेषा बोथट असतात, कारण शिपायावरूनच साचा उचललेला असतो. जुन्याचा मूळ रंग कितीही उडालेला असो, त्यावर ब्रश फिरवू नका. रंगवले की किंमत जाते, आणि त्याहून वाईट म्हणजे पुरावा जातो.

शिसे विषारी आहे. हाताळून झाले की साबणाने हात धुवा, त्या टेबलावर चहा-फराळ नको, लहान मुलांच्या हाती हे शिपाई देऊ नका, कोरडे घासून धूळ उडवू नका. घरच्या गॅसवर शिसे वितळवून ओतण्याचा मोह धरू नका. ओतायचेच असेल तर रबराच्या साच्यात रेझिन ओता, तेही खिडक्या उघड्या ठेवून.

एअरफिक्ससारख्या कंपन्यांचे मऊ प्लास्टिकचे शिपाई स्वस्त आणि सुबक, पण रंग त्यांच्यावरून पापडीसारखा सुटतो. दोन कारणे: साच्यातून सुटावे म्हणून लावलेला तेलकट थर आणि वाकणारी संगीन. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब टाकून जुन्या टूथब्रशने घासा, रात्रभर वाळवा, मग लवचिक अ‍ॅक्रिलिक प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) द्या. संगीन गरम पाण्यात दहा सेकंद बुडवून सरळ करा आणि लगेच थंड पाण्यात धरा.

रंग

रंगकामाला इथे ऑक्टोबर ते मे हाच मोसम. हवेत ८० टक्क्यांहून जास्त ओल असताना स्प्रे मारला तर प्रायमर भुरकट होतो आणि वरचे वार्निश दुधाळ पडते. ते पुसून जात नाही. पावसाळ्यात फार तर ब्रशने रंगवा, स्प्रेचा डबा बंद ठेवा.

धातूच्या नव्या शिपायावर साच्याची रेघ असते, ती बारीक कानशीने आणि पाण्यात बुडवलेल्या ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने काढा. साबणाने धुऊन वाळवा. गाडीच्या रंगाच्या दुकानात मिळणारा राखाडी प्रायमर एक वीत ते फूटभर अंतरावरून, दोन पातळ हात. मग अ‍ॅक्रिलिक रंग, दुधाइतका पातळ. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात द्या. जाड रंगाने चेहऱ्याच्या रेषा बुजतात आणि शिपाई लाडू खाल्ल्यासारखा गोबरा दिसतो.

परदेशी रंगसंचात ‘त्वचा’ म्हणून येणारा गुलाबी रंग आपल्या शिपायांना चालत नाही. बर्न्ट सिएना तीन भाग, यलो ऑकर एक भाग, पांढरा एक भाग, असे मिसळा आणि दहा जणांत तीन-चार छटा ठेवा. त्यावर बर्न्ट अंबरचा एक थेंब आठ थेंब पाण्यात मिसळून सोडा, तो डोळ्यांच्या खोबणीत आणि बोटांमध्ये आपोआप बसतो. मावळ्याचा अंगरखा शुभ्र पांढरा नको, मांजरपाटाचा पिवळसर पांढरा हवा. ढालीला काळा हात आणि चार पितळी ठिपके. ब्रश ओठांत धरून टोक करायची सवय असेल तर ती आजच सोडा.

कपाट, म्हणजे निम्मे काम

शिशाच्या शिपायावर पांढरी-करडी भुकटी दिसू लागली की लोक तिला बुरशी समजून पुसतात. ती बुरशी नव्हे, शिसे स्वतःच खाल्ले जात असते. हवेतली ओल आणि अ‍ॅसेटिक आम्लाची वाफ एकत्र आली की शिशाचे कार्बोनेट बनते. ही वाफ येते कुठून? लाकडातून. ओक सर्वांत वाईट, पण नवे प्लायवूड, एमडीएफ, साधा पुठ्ठा आणि लाकडाला लावायचा पांढरा गोंदही तेच करतात. सुताराकडून हौसेने करून घेतलेली, काचेचे दार घट्ट बसणारी प्लायची शोकेस ही शिशासाठी सर्वांत वाईट जागा, कारण वाफ आतच कोंडते.

त्यापेक्षा पावडर कोटिंग केलेले लोखंडी कपाट, काचेच्या फळ्या आणि काचेचे दार. फटी बुजवायला सिलिकॉन लागलेच तर न्यूट्रल प्रकारचे मागा. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते नको, तो वास म्हणजे तेच आम्ल. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवा. लाकडी शोकेस असेलच तर तिच्यात मातीचे आणि प्लास्टिकचे शिपाई ठेवा, शिशाचे बाहेर काढा.

आत ओल मोजायचा छोटा मीटर ठेवा. तो खरे सांगतो का, हे पाहायला बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंब-थेंब पाण्याने ओले करा (विरघळू देऊ नका) आणि मीटरसोबत झिपच्या पिशवीत बारा तास बंद करा. आकडा ७५ च्या आसपास आला पाहिजे. पाचने कमी-जास्त दाखवत असेल तर तेवढा हिशोब धरून वाचा. कपाटात ओल ४० ते ५० टक्के राखायची. दोन फूट रुंद, एक फूट खोल, एक फूट उंच अशा बंद कप्प्याला पाव किलो सिलिका जेलपासून (ओल शोषणारे दाणे) सुरुवात करा, मीटर ६० वर चढला की वाढवा. नारिंगी दाणे हिरवे झाले की ते भरले. ओव्हनमध्ये ११० अंशांवर दोन-तीन तास तापवले की पुन्हा कामाला येतात. जुलै-ऑगस्टमध्ये हे दर आठ-दहा दिवसांनी करावे लागते आणि कंटाळा येतो, पण वर्षभराचा संग्रह त्या आठ आठवड्यांतच वाचतो किंवा जातो.

भुकटी धरलेला शिपाई आधी वेगळा करा. हातमोजे घाला, ओलसर कापसाच्या बोळ्याने भुकटी टिपा (फुंकू नका), पूर्ण वाळवा आणि कोरड्या काचेच्या बरणीत सिलिका जेलसोबत ठेवा. खाल्ला गेलेला भाग परत येत नाही, पुढचे थांबते. तांब्या-पितळेसारखे चिंच, लिंबू किंवा व्हिनेगर लावून उजळवायला जाऊ नका. व्हिनेगर म्हणजे ज्या आम्लाने हा रोग होतो तेच. कपाटात डांबराच्या गोळ्याही नकोत, त्यांच्या वाफेने कडक प्लास्टिक चिकट होते.

वही ठेवा. क्रमांक, माप, कुठून आला, कधी, किती रुपयांना, काय दुरुस्त केले. क्रमांक रंगावर नको, तळाशी पेन्सिलीने.

नोकरीसाठी परमुलखात असाल तर

बेळगावची कितीतरी मुले दुबई, लंडन, जर्मनी इथे आहेत. भाड्याच्या खोलीत छंद चालवायला ६० सेंटीमीटरची एक फळी पुरते: ५४ मापाचे वीस पायदळी शिपाई एका रांगेत मावतात. भिंतीला खिळा मारून अनामत रक्कम गमावू नका, पुस्तकांच्या मांडणीतला एक कप्पा त्यांना द्या. आखातात जागा आणखी कमी, तिथे १:७२ धरा, अख्खी पलटण चपलांच्या खोक्यात बसते. ती गाडीत मात्र विसरू नका, उन्हात प्लास्टिक वाकते.

जुन्या वस्तूंचे बाजार शोधा: ब्रिटनमध्ये रविवार सकाळचे कार बूट सेल, जर्मनीत फ्लोमार्क्ट, फ्रान्समध्ये विद-ग्रेनिए. लवकर जा, चांगला माल पहिल्या तासात जातो. खिशात पट्टी, भिंग, छोटी विजेरी आणि मऊ कागद घातलेली डबी. म्हाताऱ्या विक्रेत्याला शिपायाबद्दल एक प्रश्न विचारला की अर्धा तास बोलतो, परकी भाषा जिभेवर बसायला याहून चांगला वर्ग नाही. सोमवार ते शुक्रवार ऑफिस आणि खोली एवढेच होत असेल तर आठवड्याला एक शिपाई रंगवायचा नेम करा: सोमवारी धुणे, मंगळवारी प्रायमर, मग रोज एक रंग. पंधरा-वीस मिनिटे पुरतात, आणि रविवारी बाजारात लोकांना दाखवायला हाती काहीतरी असते. गावाहून येताना खानापूरचे चार भाजलेले मावळे न्या. तिकडच्या छंदी माणसाला याहून आवडेल अशी भेट दुसरी नाही.

जर्मन बाजारात एलास्टोलिन आणि लिनेओल या कंपन्यांचे जुने शिपाई दिसतील. ते लाकडाचा भुसा आणि सरस तारेवर थापून केलेले असतात. थंडीत हीटरने खोलीची हवा कोरडी होते, त्यांना चिरा पडतात, आणि तेच बेळगावच्या पावसाळ्यात फुगून तार गंजते. घरी आणायचे असतील तर पुन्हा विचार करा. नाझी चिन्हे असलेल्या वस्तूंच्या विक्री-प्रदर्शनावर तिकडे कायद्याची बंधने आहेत, त्या वाटेला जाऊ नका.

आणताना सामान हातातल्या बॅगेत. प्रत्येकाला मऊ कागद, वर बबल रॅप, आणि डबा कडक प्लास्टिकचा. शिशाचा गठ्ठा क्ष-किरणात काळा ठोकळा दिसतो, उघडायला सांगतील, म्हणून चिकटपट्टीने जखडू नका. खरेदीची पावती सोबत. कुरिअरने मागवायचे टाळा: १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतात बीआयएसचे (भारतीय मानक ब्यूरोचे) प्रमाणन सक्तीचे आहे, ‘खेळणी’ लिहिलेले पार्सल अडू शकते. उलट दिशेलाही लक्ष हवे. आजोळच्या माळ्यावर शंभर वर्षांहून जुने काही सापडले तर ते परवानगीशिवाय देशाबाहेर नेऊ नका, १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात ते येऊ शकते.

किल्ल्यावर उतरवताना

वर्षातून एकदा पलटण कपाटाबाहेर यावीच, पण शिशाचे आणि मूळ रंगाचे जुने शिपाई आतच राहू द्या. तीन फुटी किल्ला १:३२ मध्ये अवघा २९ मीटरचा भरतो, १:७२ मध्ये तोच ६६ मीटरचा. म्हणून मोठे मातीचे मावळे पायथ्याशी, ५४ चे माचीवर आणि १:७२ चे बालेकिल्ल्यावर ठेवा. लांबचे लहान दिसते, डोळा फसतो आणि अंगणातला ढिगारा डोंगर होतो.

मोहरी-हळीव पेरलेल्या किल्ल्यावर रोज पाणी शिंपडता, ते पाणी कच्चा मावळा पायातून ओढून घेतो. प्रत्येकाखाली कौलाचा तुकडा किंवा बाटलीचे झाकण पालथे दाबा आणि वर कोरडी माती भुरभुरा. पाणी मारताना मावळे काढा, अर्ध्या तासाने पुन्हा ठेवा. गल्लीतली पोरे हे काम आनंदाने करतात, फक्त त्यांना एक दाखवून द्यावे लागते: उचलायचे ते बैठकीला धरून, भाल्याला नाही. तुळशीच्या लग्नानंतर किल्ला मोडताना सगळे मावळे आधी उतरवा, वर्तमानपत्रावर सावलीत आठ दिवस सुकवा, मऊ ब्रशने माती झाडा आणि मगच झाकणाच्या कडक डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत आडवे ठेवा. डब्यावर साल लिहा.